यकृद्विकार आणि मसाल्याचा डबा : मानखुर्दच्या चिकित्सालयातील काही अनुभव

‘हळद तर आम्ही पहिल्या दिवसापासूनच बंद केली आहे.’ कावीळ झालेल्या रुग्णास घेऊन येणारे नातेवाईक बहुधा हेच वाक्य प्रथम उच्चारतात. तेल, तूप, फोडणी, मसाला सर्व बंद केलेले असते आणि उसाचा रस, फुटाणे व उकडलेल्या भाज्या सुरू असतात. गळ्यात काविळीची माळ असते. कोणीतरी तळहात चुन्याच्या पाण्याने धुऊन कावीळ ‘उतरवलेली’ असते आणि पाणी पिवळे झालेले सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. त्यापूर्वी हाताला काय चोळले होते, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नसते. या सर्व उपचारांत वैद्याला सर्वाधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे हळदीची बंदी. चरकांनी कामलेच्या रुग्णाचे नेत्र, त्वचा, नखे हळदीच्या वर्णाची होतात असे वर्णन केले आहे. ती वर्णाची उपमा लोकांनी व्याधीचे कारण मानली असावी, असे आम्हांस वाटते. त्याच चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात हळद, त्रिफळा, निंब, बला व ज्येष्ठमध यांनी सिद्ध केलेले म्हशीचे तूप कामलाहर म्हणून सांगितले आहे. म्हणजे घरोघरी ज्या दोन पदार्थांना प्रथम हद्दपार केले जाते, तेच दोन पदार्थ आचार्यांनी एकत्र करून औषध म्हणून दिले.

आमचे चिकित्सालय मानखुर्द स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. एका बाजूस पुनर्वसनाच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूस दाट वस्ती आहे. हार्बर मार्गावरील पुढचे स्थानक खाडीपलीकडचे वाशी. तेथून तुर्भ्याचा घाऊक मसाला बाजार हाकेच्या अंतरावर. आमचे कित्येक रुग्ण त्या बाजारात हमाली करतात, तर काहींच्या घरच्या स्त्रिया मिरच्यांची देठे खुडण्याचे काम करतात. मसाल्याचा वास अंगाला लागलेला रुग्ण आमच्याकडे नित्याचा आहे. यकृद्विकारांचीही येथे वानवा नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ, मद्यपानाने झालेली यकृताची हानी आणि अलीकडे वडापाव-चायनीजवर वाढणाऱ्या तरुणांतील मेदोयुक्त यकृत, हे सर्व आहेच. परंतु प्रस्तुत लेखाचे निमित्त निराळे आहे. या भागात क्षयरोग मोठा आहे आणि क्षयाच्या औषधांचा यकृताशी असलेला संबंध आपल्या व्यवसायबंधूंस व औषधविक्रेत्यांस ठाऊक असणे आवश्यक आहे. आम्हांस तो ठाऊक होता, तरीही आमची चूक झाली.

२०२३ च्या अधिक श्रावणातील ही गोष्ट. मसाला बाजारात पोती वाहणारा पस्तिशीचा एक माथाडी कामगार सायंकाळी चिकित्सालयात आला. फुप्फुसाच्या क्षयाचे निदान होऊन शासकीय कार्यक्रमातील मोफत औषधे सुरू होती आणि दुसरा महिना चालू होता. वजन ४४ किलो. अन्नावर वासना नाही, मळमळ, उजव्या कुशीत जडपणा, या त्याच्या तक्रारी होत्या. मूत्राचा वर्ण विचारला, तेव्हा ‘लालसर, नारिंगी’ असे उत्तर मिळाले. रिफाम्पिसिनने मूत्र नारिंगी होते हे सर्वश्रुत असल्याने आम्ही त्यावर थांबलो नाही. ट्यूबलाइटच्या प्रकाशात डोळे पाहिले. ते आम्हांस स्वच्छ वाटले. आम्लपित्ताची चिकित्सा देऊन आठ दिवसांनी येण्यास सांगितले.

पाचव्या दिवशी सकाळीच पत्नी त्याला घेऊन आली. दारातल्या उन्हात त्याचे डोळे इतके पिवळे होते की नाडी पाहण्याचीही आवश्यकता उरली नाही. रक्तात बिलिरुबिन ६ च्या पुढे, एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दहापटीहून अधिक. उपचारकेंद्रास तात्काळ दूरध्वनी केला. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी क्षयाची औषधे थांबवून त्याच दिवशी रुग्णास पाठविण्यास सांगितले. कागद लिहिता लिहिता आम्ही पत्नीस आहाराविषयी विचारले.

‘हळद तर बंदच केली, डॉक्टर. तेलाचा थेंबसुद्धा नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या डोळे पिवळे दिसतात, तेव्हापासून नुसती कोरडी भाकरी नि उसाचा रस.’

‘बरं ताई, आणि औषधं कोणकोणती घेतात? सगळी दाखवा.’

तिने पिशवीतून क्षयाच्या गोळ्यांची पाकिटे काढली, आमच्या पुड्या काढल्या आणि शेवटी एक प्लास्टिकची बाटली. ‘ही लिव्हरला चांगली म्हणून गाळ्यावरच्या मुकादमांनी दिलीय. तीन आठवडे झाले.’ बाटलीवरील मजकूर असा होता : हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात कर्क्युमिनॉइड ९५ टक्के, सोबत मिऱ्यातील पिपेरिन ५ मिलिग्रॅम, मात्रा दिवसातून दोन कॅप्सूल.

येथे थोडे गणित करणे उचित होईल. हळदीच्या चूर्णात कर्क्युमिनॉइडचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के असते. सोयीसाठी तीन टक्के धरू. चौघांच्या घरात दोन वेळच्या भाजी-आमटीत मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम हळद पडते. दरडोई एक ग्रॅमही नाही, अर्थात कर्क्युमिन २५ मिलिग्रॅमच्या आसपास. दोन कॅप्सूलमधून पोटात जाणारे कर्क्युमिन ९५० मिलिग्रॅम. ते मिळविण्यासाठी तीस ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल. खाद्यपदार्थांतील मिश्रद्रव्यांचा विचार करणाऱ्या जागतिक तज्ज्ञसमितीने कर्क्युमिनची दैनिक स्वीकार्य मर्यादा शरीरभाराच्या दर किलोस ३ मिलिग्रॅमपर्यंत ठेवली आहे. ४४ किलोच्या या गृहस्थास ती १३२ मिलिग्रॅम होते. घरातील एक ग्रॅम हळद काविळीच्या भीतीने बंद झाली होती आणि तीस ग्रॅमच्या तोडीचा तिचा अर्क ‘यकृतासाठी’ सुरू होता.

कावीळ कॅप्सूलने झाली की क्षयाच्या औषधांनी, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि विशेषतः पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे स्वतंत्रपणे यकृतास इजा करू शकतात आणि अशी इजा उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत अधिक आढळते. रुग्णालयातील डॉक्टरांनीही क्षयाच्या औषधांनाच प्रथम संशयित मानले व ते योग्यच होते. परंतु तो दुसरा संशयित आमच्या चौकशीच्या कक्षेत पहिल्या भेटीत आलाच नाही, ही खंत आम्हांस आहे. आहारविहाराची सविस्तर चौकशी करणारे म्हणून आपण स्वतःचा गौरव करतो. ‘काय खाता?’ असे आम्ही विचारले होते. ‘आणखी काय घेता?’ असे विचारले नव्हते.

कॅप्सूलविषयी

हळदीने यकृतास इजा होते, हे विधान ऐकताच आपल्यापैकी अनेकांस राग येईल. आम्हांसही आला होता. परंतु वृत्तांत नीट वाचल्यावर त्यांतील सूत्र लक्षात येते. इटलीत २०१९ साली हळदीच्या पूरकांनंतर पित्तावरोधयुक्त यकृतशोथाचे अनेक रुग्ण आढळले आणि तेथील आरोग्य मंत्रालयास इशारा द्यावा लागला. अमेरिकेतील औषधजन्य यकृद्विकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधक-जालाने २०२२ साली हळदीशी संबंधित १० रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांपैकी पाच जणांस रुग्णालयात ठेवावे लागले, एकाचा मृत्यू झाला आणि सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार आढळला. तपासलेल्या सात उत्पादनांत हळद खरोखरच होती व तिघांत पिपेरिनही होते. ऑस्ट्रेलियाच्या औषधनियंत्रकांनी २०२३ साली अशीच सूचना काढली. ही सर्व प्रकरणे प्रामुख्याने अर्क, कॅप्सूल आणि गोळ्या यांची आहेत. भाजीतील, आमटीतील, लोणच्यातील हळदीची नाहीत.

जनुकप्रकाराचा मुद्दा वैद्यांनी तरी सहज समजून घ्यावा. शंभर जणांना जे सोसते ते एकाला का सोसत नाही, या प्रश्नाला आपल्या शास्त्रात प्रकृती आणि सात्म्य अशी उत्तरे आहेत. तो एक कोण, हे अगोदर ओळखण्याचे साधन मात्र आज आपल्या चिकित्सालयात नाही. म्हणून मात्रा आणि कालमर्यादा यांवर अधिक लक्ष ठेवणे भाग आहे.

आपल्या मुंबईचेही एक प्रकरण येथे टाळता येणार नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेले सहा रुग्ण मुंबईतील यकृततज्ज्ञांनी पाहिले व २०२१ साली ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख निश्चित केली नव्हती, गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा त्याचा आशय होता. आक्षेप शास्त्रीय होता. तथापि पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली, तेव्हा केवळ आक्षेप घेऊन भागणार नाही हे स्पष्ट झाले. गुळवेल ही आपली प्रतिष्ठेची वनस्पती आहे. महामारीच्या काळात ती वैद्याविना, मात्रेविना, महिनोन्‌महिने घेतली गेली. तिची प्रतिष्ठा राखायची असेल तर हे प्रथम आपणच लिहिले पाहिजे.

आता पिपेरिन. मिरे व पिंपळी यांतील हे द्रव्य अन्य औषधांचे शोषण वाढवते, ही गोष्ट प्रकाशात आणणारे संशोधन भारतीयच आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी, आपल्या इतक्या कल्पांत त्रिकटू का असते, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत पिपेरिन १० मिलिग्रॅम असा क्षयावरील योग सिद्ध झाला. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर मानवी रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन सुमारे वीसपट वाढल्याचे दिसले. आज कॅप्सूलच्या डब्यांवर अभिमानाने छापला जाणारा ‘२००० टक्के’ हा आकडा तेथून आलेला आहे.

त्रिकटूची ही थोरवी वाचून आपल्याला आनंद होतो आणि तो रास्त आहे. परंतु योगवाही द्रव्य कोणाला वाहून न्यायचे याची निवड करीत नाही. जे द्रव्य कर्क्युमिनला आत नेते ते त्याच पोटातील रिफाम्पिसिनलाही नेऊ शकते. पाच मिलिग्रॅम पिपेरिन म्हणजे फार तर दोन-तीन मिरे, एवढे मिरे आमटीतही असतात, असा युक्तिवाद कोणी करील. तो खराही आहे. मात्र आमटीतील मिऱ्यांसोबत पावणेपाचशे मिलिग्रॅम शुद्ध कर्क्युमिन नसते, आणि अन्नात विरघळलेले मिरे व औषधाच्या वेळी रिकाम्या पोटी घेतलेले पिपेरिन यांत भेद आहे. क्षय, अपस्मार, रक्त पातळ ठेवण्याची औषधे यांवर असलेल्या रुग्णास पिपेरिनयुक्त पूरक देताना औषधविक्रेते बंधूंनी एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची विनंती आहे. फार्मसीतील विक्रेत्याला वैद्याइतका वेळ नसतो हे आम्ही जाणतो. पण बाटली हातात देण्याचा तो अखेरचा क्षण त्याच्याच हाती असतो.

चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तिघांचा अतिवापर निषिद्ध सांगितला आहे. पिप्पलीचा गुण तात्काळ चांगला दिसतो, सतत वापराने मात्र ती दोषांचा संचय करते, असा त्यांचा अभिप्राय आहे. वर्धमान पिप्पलीत चढत्या आणि उतरत्या क्रमाची जी शिस्त आहे ती उगीच नाही. रोज दोन, आजन्म, असा कोणताही योग त्यांनी पिप्पलीचा लिहिलेला आम्हांस स्मरत नाही.

कोणत्या कामलेत कोणता मसाला

‘यकृतासाठी कोणता मसाला चांगला?’ हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि नियतकालिकांतील आरोग्यसदरे त्यास एका ओळीत उत्तर देतात. आपले शास्त्र असे उत्तर देत नाही. कोष्ठाश्रित किंवा बहुपित्त कामलेत पित्त आधीच उदंड असते. तेथे मिरे, पिंपळी, लसूण, मोहरी, गरम मसाला यांस स्थान नाही. मृदु विरेचन, तिक्त रस, मनुका, डाळिंब, धने, जिरे, कोथिंबीर असा तेथील मार्ग. उलट शाखाश्रित, रुद्धपथ कामलेत, जेथे मळ तिळाच्या पिठासारखा पांढुरका होतो, चरक वाळलेल्या मुळ्याचे व कुळथाचे यूष देतात. मातुलुंगाच्या रसात मध, पिंपळी, मिरे, सुंठ घालून देतात आणि मळास पित्ताचा रंग येईपर्यंत कटु, तीक्ष्ण, उष्ण यांचा उपयोग करतात. म्हणजे एकाच नावाच्या व्याधीत एका अवस्थेत मिरे अपथ्य आणि दुसऱ्या अवस्थेत तेच औषध. आमच्या कोकणी रुग्णांच्या घरी कुळथाचे पिठले असतेच. ‘काविळीत कुळीथ उष्ण’ म्हणून ते बंद करण्यापूर्वी मळाचा रंग विचारावा.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. पांढरा मळ, अंगाला खाज आणि गडद मूत्र ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी सोनोग्राफीसाठी पाठवावे. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर कुळथाच्या यूषावर वाट पाहणे धोक्याचे, आणि थंडी वाजून ताप असेल तर तर अधिकच. पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीस वेदनेविना वाढत जाणारी कावीळ असेल तर स्वादुपिंडाच्या शीर्षातील अर्बुदाचा विचार प्रथम करावा. ग्रंथकारांस मार्ग कशाने रुद्ध झाला ते पाहण्याचे यंत्र उपलब्ध नव्हते. आपल्याला ते आहे. गर्भवतीस पावसाळ्यात कावीळ दिसली तर आहाराची चर्चाही करीत बसू नये, सरळ रुग्णालयात पाठवावे. हिपॅटायटिस ई त्या अवस्थेत प्राणघातक ठरू शकतो. गटारातून गेलेल्या जलवाहिनीवर मसाल्याच्या डब्यात औषध नाही.

परत आमच्या रुग्णाकडे वळू. रुग्णालयात काही दिवस काढून तो घरी आला तेव्हा वजन आणखी दोन किलोने उतरले होते. क्षयात उतरते वजन हा स्वतंत्र धोका आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांस पोषक शिधा दिला असता, आरंभीच्या काळात ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. शासनाने निक्षय पोषण योजनेचे मासिक सहाय्य २०२४ साली ५०० रुपयांवरून १००० रुपये केले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. अशा रुग्णास काविळीच्या नावाखाली कोरडी भाकरी आणि उसाचा रस देणे म्हणजे उपाशी ठेवणेच होय. त्याची अडचण एकच होती, अन्न समोर आले की मळमळे. फिक्या, उकडलेल्या अन्नाचा तर त्याला तिटकारा आला होता.

मसाल्याच्या डब्याचे खरे यकृतकार्य येथे दिसते, असे आमचे मत झाले आहे. चरकांनी सुंठ, पिंपळी, गुळवेल यांस तृप्तिघ्न गणात घातले आहे. न खाताच पोट भरल्यासारखे वाटणे ही जी तृप्ती, ती घालवणारी ही द्रव्ये. धने तृष्णानिग्रहण गणात आहेत, जिरे शूलप्रशमन गणात, मिरे दीपनीयात. एक ग्रॅम हळदीतील पंचवीस मिलिग्रॅम कर्क्युमिन यकृताच्या पेशींत जाऊन काय करते, यावर प्रयोगशाळांनी खुशाल लिहावे. आमच्या डोळ्यांसमोर घडले ते एवढेच की जिऱ्याच्या वासाने या माणसाने पहिल्यांदा वाटी पुढे केली.

पहिले चार दिवस साळीच्या लाह्यांचे पाणी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज, थोडी थोडी, दर दोन तासांनी. मग मुगाचे कढण. त्यात अर्धा चमचा तूप, त्या तुपावर जिरे, चिमूटभर हळद, धन्याची पूड व वरून भरपूर कोथिंबीर. आल्याचा रस पाच-सहा थेंब, सैंधवासह, जेवणापूर्वी. हिंग, लसूण, मिरची व गरम मसाला पहिले दोन आठवडे वर्ज्य. एसजीपीटी उतरू लागल्यावर ताजे ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून. मग मऊ भात, दुधी, पडवळ, उकडलेले अंडे. अंड्याविषयी घरात मोठा वाद झाला. आम्ही ते आग्रहाने सुरू करविले. तूप आणि हळद परत आली तेव्हा त्याच्या पत्नीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. ‘घाला ताई, रोज घालत होतात तेवढीच घाला,’ असे आम्ही लिहून दिले. तोंडी सांगितलेले शेजारीण पुसून टाकते, असा आमचा अनुभव आहे.

औषध म्हणून आम्ही काहीही दिले नाही. आरोग्यवर्धिनी देण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. मुंबईतच १९८० साली विषाणुजन्य यकृतशोथात तिची द्वि-अंध चाचणी झाली होती आणि कुटकीवरील कामही पुढे प्रसिद्ध झाले. आपल्या क्षेत्रातील ते अभिमानास्पद संशोधन आहे. परंतु येथे यकृत एका संशयिताच्या तपासात होते. औषधे एकेक करून पुन्हा सुरू होत असताना आपण नवे द्रव्य घातले तर पुढील बिघाडाचे कारण कोणासही कळले नसते. रुग्णालयाने रिफाम्पिसिन प्रथम, मग आयसोनियाझिड अशी औषधे पुन्हा सुरू केली, पायराझिनामाइड वगळले व उपचाराचा अवधी वाढविला. या काळात आमचा वाटा पेज, कढण आणि दर आठवड्याचे वजन एवढाच होता.

दालचिनीचा एक धडा

हळदीइतकेच लक्ष दालचिनीकडे द्यावे असे आम्हांस वाटते. मार्च २०२० च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घेण्याचे सुचविले. आमच्या वस्तीत तो चार-चार वेळा आणि महिनोन्‌महिने घेतला गेला. आता वजन उतरविण्यासाठी सकाळी दालचिनीचे पाणी पिणारे बरेच आहेत. बाजारात स्वस्त मिळणारी जाड सालीची दालचिनी ही बहुतांशी चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया येथील कॅशिया असते. तिच्यात कूमारिन हे यकृतास उपद्रवी द्रव्य असते. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने ते किलोमागे सुमारे ३ ग्रॅम धरले आहे. शरीरभाराच्या दर किलोस ०.१ मिलिग्रॅम ही दैनिक मर्यादा घेतली तर ६० किलोच्या माणसास दोन ग्रॅम कॅशियातच ती पूर्ण होते. दोन ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा. बिर्याणीतल्या तुकड्याची चिंता नको. रोज चमचाभर पूड पिणाऱ्याची करावी.

खरी दालचिनी पातळ सालीची, अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेली, सहज मोडणारी असते व तिच्यात कूमारिन नाममात्र असते. ती आपल्या कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात प्रसिद्ध आहे. चूर्णे स्वतः बनविणाऱ्या फार्मसीचालकांनी थोडे अधिक पैसे मोजून ती घ्यावी. पूड विकत घेतली तर जात ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

हळदीच्या खरेदीबाबतही तेच. चकचकीत पिवळेपणासाठी हळकुंडांना लेड क्रोमेट लावण्याचा प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा येथील नमुन्यांतही शिशाचे प्रमाण मोठे आढळले. आपल्या राज्यास सांगलीची, वायगावची व वसमतची भौगोलिक मानांकन मिळालेली हळद उपलब्ध असताना अनामिक पूड घेण्याचे कारण नाही. हळकुंडे घ्यावीत, धुऊन वाळवून दळावीत, आणि प्रत्येक लॉटचा शिशाचा अहवाल मागावा. बुरशी आलेली मिरची, शेंगदाणा व मका यांतील अफ्लाटॉक्सिन तर थेट यकृताचेच विष. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या भागांत बुरशीच्या मक्याने शंभरावर माणसे काविळीने दगावली होती. मसाला बाजारात पावसात भिजलेल्या मिरचीची पोती स्वस्त निघतात, हे आमच्याच रुग्णांनी आम्हांस सांगितले. ती कोठे जातात, हे विचारल्यावर ते हसले.

आमचा रुग्ण पुढील वर्षी क्षयाचे उपचार पूर्ण करून पुन्हा बाजारात रुजू झाला. वजन ५१ किलो. मध्यंतरी तो हळकुंडांची एक पुरचुंडी घेऊन आला होता; मुकादमांनी दिली, असे म्हणाला. त्याच मुकादमांस त्याने कॅप्सूल बंद करायला लावली की नाही, हे आम्ही विचारले. ‘सांगितलं, पण ते म्हणतात मला काय होत नाही,’ असे त्याचे उत्तर होते.

चिकित्सालयात आम्ही दोन बदल केले आहेत. डोळे आता दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहतो. सायंकाळी आलेल्या क्षयरुग्णास मळमळ असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावतो. केसपेपरवर ‘आहार’ या रकान्याखाली ‘आणखी काय घेता? पिशवी दाखवा’ अशी एक ओळ छापून घेतली आहे. गेल्या महिन्यात त्या ओळीमुळे एकाच दिवशी दोन बाटल्या निघाल्या. एक हळदीची होती. दुसरीवर घटकद्रव्यांची नावेच नव्हती.